गालातला साठा

गालातल्या पिशवीत ठेवलेला दाणा कोरडा राहतो. जीभ ओली असते, तोंडाला पाणी सुटलेलं असतं, पण पिशवीच्या आत ओल पोचत नाही. दाण्याची कडा झिजत नाही, त्याची चव लागत नाही. दाणा तोंडात असतो आणि तरीही तो खाल्लेला नसतो. खाणं वेगळं आणि ठेवणं वेगळं, हे मला कुणी शिकवलं नाही. माझ्या गालांना ते जन्मापासून ठाऊक होतं.

मित्रांनो, मी एक म्हातारी हॅमस्टर आहे. तुमच्या मुठीत मावेन एवढी. उंदराच्या नात्यातली, पण शेपूट जवळजवळ नसलेली. माझ्या पाठीवरून एक काळी रेघ जाते, ती आता विटली आहे. पुढचे दात वाकडे वाढू लागलेत आणि उजवा डोळा धुरकट झालाय. आमच्या जातीला आयुष्य फार नसतं. दोन हिवाळे पाहिले की पुष्कळ झालं. मी दोन पाहिले, पण ते दोन्ही खोटे होते.

माझा जन्म एका प्रयोगशाळेत झाला. त्या खोलीला खिडकी नव्हती. भिंतीला लागून पिंजऱ्यांच्या रांगा, खाली भुसा, आणि सगळीकडे फरशी पुसण्याच्या औषधाचा वास. दिवस म्हणजे छतावरचा दिवा, रात्र म्हणजे तो दिवा बंद करणारं घड्याळ. घड्याळ फिरवून दिवस लहान केला की आम्हाला वाटायचं हिवाळा आला, आणि आमचे करडे केस हळूहळू पांढरे व्हायचे. बाहेर लोक घामाने निथळत असतील, आम्ही मात्र बर्फाच्या तयारीला लागायचो. शरीर असं भोळं असतं. त्याला जो निरोप मिळतो, तो ते खरा मानतं.

माझा पिंजरा दुमजली होता. वर उजेड, चाक आणि खाणं. खाली एक अंधारी पेटी, तिच्यात कापसाचं अंथरूण. दोन्हींच्या मध्ये वळणावळणाची लांब नळी. वरचं चाक पुष्कळ फिरवलं की दाबून केलेला एक दाणा टपकन पडायचा. तो तिथेच खायचा की गालात भरून खाली न्यायचा, हे माझं मी ठरवायचं. निदान मला तसं वाटायचं.

तिथे दोन माणसं रोज यायची. एक पिंजरेवाले मामा. भुसा बदलायचं, पाणी भरायचं काम त्यांचं. आम्हाला फक्त आकडे होते, नावं नव्हती. पण मामांनी मला ‘गालफुगी’ हे नाव ठेवलं होतं. दुसऱ्या, प्रयोग करणाऱ्या बाई. सडपातळ, मोजकं बोलणाऱ्या. त्या फार वेळ हात धूत. तरी साबणाच्या खाली त्यांच्या हाताला आणखी एक बारीक वास यायचा, कसल्याशा पातळ तेलाचा. तो कुठून येतो ते मला पुष्कळ दिवसांनी कळलं.

एके सकाळी मी पोटभर खाऊन झोपायच्या बेतात होते, तेव्हा बाईंनी मला उचललं आणि पोटाला सुई टोचली. दुखलं ते क्षणभरच.

“हे काय दिलंत हिला?” मामांनी विचारलं.

“पोट रिकामं झालं की त्यातून एक रसायन रक्तात जातं,” बाई म्हणाल्या. “ते मेंदूच्या तळाशी पोचतं. तिथे अगदी एवढीशी जागा आहे, भुकेचं सगळं ती बघते. तेच रसायन मी बाहेरून दिलंय.”

“पण हिचं पोट तर भरलंय. आत्ताच चापलंय हिने.”

“म्हणून तर दिलं. पोट भरलेलं असताना मेंदूला कळवलं की ते रिकामं आहे, तर तो कुणाचं ऐकतो, ते बघायचंय.”

“म्हणजे खोटी चिठ्ठी पाठवलीत.”

“हो. तसंच.”

मित्रांनो, ती खोटी चिठ्ठी मला कशी वाटली, हे सांगणं अवघड आहे. मला भूक लागली नाही. पोट जड होतं, एखाददुसरा दाणा जास्त खाल्ला तेवढाच. पण पाय थांबेनात. काहीतरी कमी आहे, काहीतरी पुरणार नाही, एवढंच अंगभर वाजत होतं. मी नळीतून वर गेले, चाक फिरवलं, दाणा गालात टाकला, खाली आले, कापसात पुरला, पुन्हा वर गेले. रात्रभर हेच. दुसऱ्या दिवशी खाणं पहिल्यासारखं झालं. धावणं मात्र त्यानंतरही कितीतरी दिवस सुरूच राहिलं. माझ्या अंथरुणात दाण्यांचा असा ढीग झाला की मला झोपायला जागा उरली नाही. मी त्या ढिगाच्या काठावर, एका अंगावर झोपायचे. आणि तरीही झोप लागायच्या आधी वाटायचं, आणखी एक खेप करावी.

“खाल्लं किती हिने?” मामांनी विचारलं.

“जरासं जास्त, तेही पहिल्याच दिवशी. आणलं मात्र ढीगभर. खाण्याचा निरोप विरला, साठवण्याचा विरत नाही.”

“माझ्या सासूबाईंनाही कुणीतरी हे टोचलेलं दिसतंय. आमच्या फ्रिजला हात लावायची सोय नाही.”

बाई हसल्या. त्या क्वचित हसत. “माणसांचं इतकं सोपं नसतं, मामा,” त्या म्हणाल्या.

आता बाईंच्या कामाची रीत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यातूनच आलं. मी किती खाल्लं, हे बाईंना कसं कळायचं? मी खाताना त्या बघत बसत नसत. त्या हिशेब करत. चाकाने जितकं दिलं, त्यातून अंथरुणात सापडलेलं वजा केलं की उरलं ते पोटात गेलेलं. रीत चोख होती. पण त्यासाठी रोज सकाळी माझा सगळा साठा काढून काट्यावर ठेवावा लागे. त्यांचा हात कापसात शिरायचा आणि एकेक दाणा उचलून न्यायचा. मग त्या मला मानगुटीला धरत आणि अंगठ्याने गाल पुढे दाबत. गालातलेही दाणे एकेक करून बाहेर पडायचे. त्या हळुवारपणे करत. त्यांनी मला कधी दुखवलं नाही. पण तोच हात मला पाणी द्यायचा, तोच मला उबेला धरायचा, आणि तोच रोज सकाळी माझं सगळं घेऊन जायचा. माझं शरीर त्यातलं एकच लक्षात ठेवत गेलं.

पुढे बाईंनी याचाच एक प्रयोग केला. निम्म्या जणींचा साठा रोज उचलायचा, निम्म्यांचा तिथेच राहू द्यायचा. मी उचलायच्या गटात होते. ज्यांचा ढीग जागेवर राहिला, त्या थोड्याच दिवसांत निवांत झाल्या. चाकावर जाईनात, खाऊन-पिऊन लोळू लागल्या. आम्ही मात्र वेड्यासारख्या धावत राहिलो. जितकं नेलं जाई, त्याहून जास्त आणत राहिलो. शेवटी शेवटी तर मी समोरचा दाणा खायचंही सोडलं. खाण्यात जाणारा वेळ परवडत नव्हता. वजन घटलं.

“एवढं चाक माझ्या पोराने फिरवलं असतं तर कुठल्या कुठे गेला असता,” मामा म्हणायचे.

त्या कामाचं कौतुक झालं. गाल फुगवलेला माझा फोटो मोठा करून बाहेरच्या भिंतीवर लावला गेला. पाहुणे आले की दाराच्या काचेपलीकडून वाकून बघत आणि म्हणत, “हीच का ती?” बाई मान डोलवत. मला त्या दिवसांत जगातली सगळ्यात महत्त्वाची हॅमस्टर असल्यासारखं वाटायचं, आणि त्याच वेळी माझ्या अंथरुणात एकही दाणा नसायचा.

मग प्रयोग संपला. ज्यांच्या मेंदूवर पुढचं काम व्हायचं होतं, त्यांना शेजारच्या खोलीत नेलं. त्या परत आल्या नाहीत. एकेक पिंजरा धुऊन उलटा ठेवला गेला. मी वयाने जास्त झाले होते म्हणून त्या कामाला नको होते. फोटोवर धूळ बसली, मग त्या जागी दुसऱ्या कुणाचा फोटो आला.

“ही उरली,” मामा म्हणाले. “हिचं काय करायचं?”

बाईंनी दोन दिवस विचार केला. मग कुठून कुठून परवानग्या काढल्या आणि मला एका साध्या पिंजऱ्यात घालून घरी आणलं.

घरात शिरताच मला तो वास ओळखता आला. बाईंच्या हाताला यायचा तोच, शिवणयंत्राच्या तेलाचा. आतल्या खोलीत खिडकीशी एक जुनं यंत्र झाकून ठेवलेलं होतं. त्याच्या फळीवर माझा पिंजरा ठेवला गेला. खिडकीतून सायकली लावायची जागा आणि समोरच्या इमारतीचा जिना दिसायचा. आणि पलंगावर बाईंची आई बसलेली होती.

मी तिला आजी म्हणते. आजीने आयुष्यभर शाळेचे गणवेश शिवले. तिच्या बोटांना अजून सवय होती. हाती आलं ते कापड दुमडून ती कडा सरळ करत बसायची. पहिली चूक गणवेशातच झाली होती. तिने एका सदऱ्याच्या दोन्ही बाह्या एकाच बाजूला लावल्या आणि गिऱ्हाइकाने दाखवल्यावरही तिला त्यात वावगं काही दिसेना. मग एकदा यंत्राची सुई बोटातून गेली, आणि ते यंत्र झाकलं गेलं. डॉक्टर म्हणाले, मेंदूचा पुढचा भाग आक्रसतोय. पुढे आणखी आक्रसेल.

आजीने मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी घाबरून गाल भरून बसले होते. ती बराच वेळ वाकून बघत राहिली.

“काय लपवलंस गं?” ती हळूच म्हणाली. “मला दाखवू नकोस. कुण्णाला दाखवू नकोस.”

माझ्या आयुष्यात असं मला कुणी म्हटलं नव्हतं.

आजी अन्न लपवायची. ताटात वाढलेला पाव ती अर्धा तोडून पांघरुणाखाली घ्यायची. बिस्किटं उशीखाली, उकडलेला बटाटा यंत्राच्या खणात दोऱ्यांच्या रिळांमध्ये, केळं चपलेत. खायची फार थोडं. तिचे खांदे हाडांवर टांगल्यासारखे दिसायचे.

बाईंचा भाऊ दुसऱ्या गावी राहायचा. बाई त्याला दादा म्हणत आणि तो त्यांना चिमे म्हणे. इतक्या शिकलेल्या बाईंना कुणी चिमे म्हणतं, याची मला आधी गंमत वाटायची. त्याचा फोन आला की बाई तो स्पीकरवर टाकून, खिडकीत ठेवून बोलत, म्हणून मला दोन्ही बाजू ऐकू येत.

“लहानपणी उपाशी राहिलीय ती,” दादा म्हणायचा. “तिच्या मामाकडे वाढली ना. ते आता वर येतंय.”

“तसं नसतं, दादा. आतलं यंत्रच बिघडलंय. मेंदूत जो भाग ‘आता पुरे’ असं सांगतो, तो गप्प झालाय. ज्यांनी कधी उपास काढला नाही, त्यांचंही असं होतं.”

“तुझ्या उंदरांसारखं?”

“हॅमस्टर.”

“तेच ते. बरं, ती जेवते किती?”

“ते मोजतेय मी.”

मित्रांनो, बाई खरंच मोजत होत्या. डॉक्टरांना नक्की काय ते सांगता यावं म्हणून. आजी जेवताना कुणी बघितलं की ताट बाजूला सारायची, म्हणून बाईंनी आपली जुनी, चोख रीत घरी आणली. वाढलेलं मोजायचं, लपवलेलं काढून मोजायचं, वजाबाकी करायची. रोज सकाळी आजी आंघोळीला गेली की बाई खोलीत येत. हात उशीखाली जाई, खणात जाई, चपलेत जाई. सापडलेलं सगळं स्वयंपाकघरातल्या काट्यावर जाई आणि तिथून कचऱ्यात. आजी ओल्या केसांनी परत यायची, पलंगावर बसायची आणि हात हळूच उशीखाली सरकवायची. मग नुसतं खिडकीबाहेर बघायची. त्या दिवशी ती आदल्या दिवसापेक्षा जास्त लपवायची आणि कमी जेवायची.

मला हे सगळं माझ्या जागेवरून दिसत होतं. मला बोलता आलं असतं तर मी सांगितलं असतं. पण मी धावण्यापलीकडे काही करू शकत नव्हते, आणि मी धावायचे. माझं चाक रात्रभर करकरायचं.

दादाने शहराबाहेरचं एक घर पाहून ठेवलं होतं. अशा आजारी माणसांसाठी चालवलेलं. तिथे कामाला बायका होत्या, अंगण होतं, एक खोली रिकामी होणार होती. प्राणी मात्र चालत नव्हते.

“मी त्यांना काय कळवू, चिमे?”

“बघू.”

“तू दिवसभर कामावर. शेजारीण येऊन डोकावते, तेवढंच. आई वाळत चाललीय.”

“मला दिसतंय ते.”

“मग?”

“बघू म्हटलं ना, दादा.”

“तू ठरवत नाहीस. तू नुसती मोजत बसतेस.”

बाईंनी फोन ठेवला आणि कितीतरी वेळ झाकलेल्या यंत्रावरून हात फिरवत उभ्या राहिल्या. आईला परक्यांच्या हाती द्यायचं नव्हतं. इथे ठेवून ती जगेल, याचीही खात्री नव्हती. दोन्ही बाजू सारख्या जड होत्या, आणि बाईंना काटा एका बाजूला झुकेपर्यंत थांबायची सवय होती.

एक दिवस उशीखाली काही सापडलं नाही. खणात नाही, चपलेत नाही. ताट मात्र रिकामं आलं होतं. बाईंचा चेहरा उजळला. त्यांना वाटलं, आई जेवली. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी त्यांनी आजीला काट्यावर उभं केलं आणि त्यांचा चेहरा पुन्हा विझला. वजन आणखी उतरलं होतं.

मला ठाऊक होतं. दुपारी घरात कुणी नसताना आजीने गादीच्या फाटक्या कडेत ठेवलेली सुई काढली होती आणि आपल्या गाऊनच्या आत, दोन्ही बाजूंना, छातीशी दोन खिसे शिवले होते. जुन्या गणवेशाच्या कापडाचे. बाह्या कुठे लावायच्या हे विसरलेल्या त्या बोटांनी इतके बारीक, इतके सारखे टाके घातले होते की बाहेरून काही दिसू नये. ती मला खिसे उघडून दाखवायची. “बघ,” म्हणायची, “तुझ्यासारखे.”

बाईंना ते त्या संध्याकाळी कळलं. आजीला पलंगावर निजवताना हाताला काहीतरी टोचलं. पावाचा कडक झालेला तुकडा. बाईंनी गाऊनची कड उलटली आणि खिसे दिसले. त्या खूप दमलेल्या होत्या. त्यांनी यंत्राच्या खणातली लहान कात्री घेतली.

“आई, हे असं अंगावर ठेवायचं नाही गं. मुंग्या लागतील. चावतील तुला.”

आजीने दोन्ही हातांनी छाती झाकली. बाईंनी ते हात हळुवारपणे बाजूला केले. अगदी हळुवारपणे, जशा त्या मला मानगुटीला धरायच्या. आणि एकेक टाका उसवला. चुरा, बिस्किटं, केळ्याची काळी पडलेली साल चादरीवर पडली. आजी ओरडली नाही. ती बाईंच्या हातांकडे बघत होती. मग तिने वर, बाईंच्या तोंडाकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात ओळख नव्हती.

त्या दिवसापासून बाई खोलीत आल्या की आजी भिंतीकडे सरकायची. त्यांच्या हातचा घास तिने तोंडाला लावला नाही. शेजारणीने दिलं तर दोन घास घ्यायची. “ती आली का?” असं शेजारणीला विचारायची.

“कोण ती, काकू?”

“ती. घेऊन जाते ती.”

पुढच्या रविवारी बाई माझा पिंजरा साफ करायला बसल्या. त्यांनी दार उघडलं आणि हात आत घातला. मी म्हातारी झाले आहे, मला पूर्वीसारखं धावता येत नाही. तरी मी कोपऱ्यात गेले, दिसेल तो दाणा गालात कोंबला आणि पाठ फिरवून दबून बसले. माझा श्वास इतका जोरात चालला होता की खालचा भुसा हलत होता. बाईंचा हात अर्ध्यावर थांबला. कितीतरी वेळ तो तसाच हवेत राहिला. मग त्यांनी मागे वळून पलंगाकडे पाहिलं. आजी भिंतीशी, छातीवर हात ठेवून, तशीच दबून बसली होती.

“यावर मी लेख लिहिला,” बाई स्वतःशीच म्हणाल्या. “माझ्या नावावर आहे तो.”

त्यांनी माझं दार लावून घेतलं. एकही दाणा नेला नाही.

त्यानंतर बाईंनी उशीखाली हात घातला नाही. त्यांनी एक झाकणाचा डबा आणून पलंगाशी ठेवला, त्यात बिस्किटं भरली आणि निघून गेल्या. मुंग्या आल्या, तर त्यांनी पलंगाच्या पायांभोवती औषध टाकलं, पण गादी झाडली नाही. काट्यावर पुन्हा काही ठेवलं नाही. आजीचा साठा वाढला आणि मग वाढायचा थांबला. शेजारीण बसलेली असली की ती थोडं थोडं जेवूही लागली. पण पॅसेजमध्ये बाईंची पावलं वाजली की तिचा घास थांबायचा. प्रयोगशाळेतला सुईचा निरोप उशिरा का होईना विरायचा. हा विरला नाही. भीतीची रसायनं वेगळी असावीत.

मित्रांनो, माझं फार सांगायचं उरलेलं नाही. माझे दात आता दाणा फोडू शकत नाहीत. आजी मला बिस्किटाचा चुरा देते तो मी चाटते. तरीही एखादा अख्खा दाणा दिसला की मी तो गालात घेते आणि कापसात नेऊन ठेवते. तो खाल्ला जाणार नाही हे मला कळतं. तो तिथे आहे, एवढ्यावर मला झोप लागते. तुमच्या घरात कुणी असं काही जपून ठेवत असेल, शिळं, वाळलेलं, तुमच्या दृष्टीने टाकाऊ, तर ते उचलायच्या आधी थोडं थांबा. स्वच्छता महत्त्वाची आहे, मला मान्य आहे. पण जो हात रोज काढून नेतो, त्याने नंतर कितीही माया केली तरी शरीर त्याच्यापासून आखडतं. मला पाणी देणाऱ्या त्या हाताकडे मी आजही जाऊ शकत नाही. जावंसं वाटतं, पण पाय मागे सरतात. माझ्या हातात ते नाही. आजीच्याही नाही.

परवा दुपारी दादा आला. उंच, जाड भिंगांचा चष्मा, पायात मोजे. त्याने येतानाच पाव आणि लोणी आणलं होतं. पलंगाच्या कडेला बसून तो एकेक तुकडा करू लागला.

“हे घे, आई.”

“तू कोण रे?”

“मी तुझा थोरला. आठवत नाही तर राहू दे. खा.”

आजीने तुकडा घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि खाल्ला. मग दुसरा. दादा काहीबाही बोलत होता, लहानपणी तिने त्याला बाह्या लांब ठेवून सदरा शिवला होता त्याबद्दल. “म्हणे वाढत्या अंगाचा आहे. मी दहावीत गेलो तरी तो सदरा मला मोठाच.” आजी हसली. तिसरा तुकडा खाल्ला. चौथा तिने गाऊनच्या आत ठेवला आणि दादाकडे पाहिलं. दादाने नजर दुसरीकडे वळवली. तेव्हा तिने पाचवाही खाल्ला. इतकं तिला खाताना मी पुष्कळ दिवसांत पाहिलं नव्हतं.

बाई दारात उभ्या होत्या. आत येत नव्हत्या. हातात पाण्याचा पेला होता, तो त्यांनी तसाच धरून ठेवला होता.

आजी दादाच्या कानाशी वाकली. तिचं कुजबुजणंही आता मोठ्याने होतं.

“त्या बाईला सांगू नकोस हं, इथे ठेवलंय ते. चांगल्या घरची दिसते, पण काढून नेते.”

“ती चिमी आहे, आई. तुझी लेक.”

“नाही रे.” आजीने मान हलवली, एखाद्या लहान मुलाला समजवावं तशी. “माझी चिमी असती तर तिने नेलं असतं का?”

दादाने मान खाली घातली. खाली कुणीतरी सायकल उभी केली, तिचा स्टँड खाडकन वाजला. मग दादा उठला, दारापाशी गेला आणि हलक्या आवाजात म्हणाला, “खोली उद्यापर्यंतच ठेवतील ते, चिमे. मी काय सांगू त्यांना?”

मी ‘बघू’ ऐकायची तयारी ठेवली होती. बाईंनी हातातला पेला दादाच्या हातात दिला. तो आत नेऊन देण्यासाठी.

“आईला तिकडे ने,” त्या म्हणाल्या. “सामान मी बांधते. निघताना मी समोर येणार नाही, ती घाबरेल. आणि तिथल्या बायकांना नीट सांग, दादा, तिच्या उशीखाली कुणी हात घालायचा नाही.”